आईच्या गाण्याचं रेकॉर्डिंग

"एवढ्याशा डबीत तुझी आई मावणार आहे का?" बाबांनी साउंड कार्ड तळहातावर घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं.

"आई नाही, तिचं गाणं. आणि ते लॅपटॉपमध्ये जाणार. ही डबी नुसती मध्ये असते." मुलीने कार्ड त्यांच्या हातून काढून घेतलं. "टेपमधून हिच्यात, हिच्यातून लॅपटॉपमध्ये. हेडफोनही हिलाच लावायचा, म्हणजे टेपवर काय वाजतंय ते ऐकता येतं."

"कळलं. तुम्हा दोघींच्या भांडणात मी असायचो तशी."

ती हसली. आई जाऊन दोन महिने होत आले होते आणि बाबा पहिल्या दिवसापासून असे विनोद करत होते. भेटायला आलेल्यांना चहा त्यांनीच करून दिला, आईच्या साड्या त्यांनीच वाटून टाकल्या. "तुझ्या बापाच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही गं," मावशी फोनवर म्हणाली होती. मुलीने तेव्हा बाबांची बाजू घेतली. पण टोचत तिलाही तेच होतं.

कॅसेट मावशीकडेच सापडली. आईने तरुणपणी घरात बसून गायलेली चार गाणी. फोनमधल्या व्हिडिओंत आई बोलत होती, रागावत होती, कॅमेरा बंद कर म्हणत होती. गात कुठेच नव्हती. गळा खराब झाल्यावर तिने गाणं सोडलं, तेव्हा मुलगी बोलायलाही शिकली नव्हती. आईचं गाणं तिने कधी ऐकलंच नव्हतं.

फीत जागोजागी चुरगळलेली होती. दुरुस्तीवाल्याने आधीच सांगितलं होतं, एकदा वाजेल, पुढचं मी सांगू शकत नाही.

म्हणून तपासायला तिने व्यायामाच्या सूचनांची जुनी कॅसेट लावली. आवाज कुठून घ्यायचा, त्या लॅपटॉपवरच्या यादीतून साउंड कार्डचं नाव निवडलं. हेडफोनमध्ये कोणीतरी दरडावलं, "गुडघे वर!" आणि पडद्यावरची हिरवी पट्टी टुणकन उडाली. तिने बटण जरा मागे फिरवलं. आवाज फाटत नव्हता.

बाबा खिडक्या लावत होते. "समोर फरशी कापतायत. सगळं आत जाईल."

"खोलीतलं काही जात नाही यात. वायरमधून येतं तेवढंच."

"म्हणजे मी इथे खोकलो तरी?"

"ढोल बडवलात तरी नाही."

"बरं झालं सांगितलंस," म्हणत बाबांनी खुर्ची पुढे ओढली. खुर्चीचा पाय वायरीत अडकला आणि साउंड कार्ड लॅपटॉपपासून सुटून खाली लोंबकळलं.

"बाबा!"

"मोडलं का?"

तिने वायर पुन्हा खोचली. डबीवरचा दिवा लागला.

"लागलं का गं?" बाबांनी वाकून विचारलं. पडद्यावरची पट्टी उडाली.

"लागलं." तिने सुटकेचा श्वास सोडला आणि आईची कॅसेट टेपमध्ये घातली.

हेडफोन एकच होता. तिने तो उचलला, तेवढ्यात बाबांनी हात पुढे केला. "मी ऐकतो. तू जाऊन दूध घेऊन ये."

"दूध आहे घरात."

"मग पाव आण. ठमे, एकदा आत आलं की तू जन्मभर ऐकत बसशील. आत्ता जा."

तिच्या ओठांवर आलं होतं, मलाही ऐकायचंय. पण बाबांनी हेडफोन कानांवर चढवलाही होता. तिने रेकॉर्डिंग सुरू केलं, त्यांना टेपचं बटण दाखवलं आणि दार ओढून घेतलं.

पाव घेऊन ती मुद्दाम लांबच्या रस्त्याने परत आली. बाबा मांडीवर फितीचा गुंता घेऊन बसले होते. तोंड नुकतंच धुतलेलं, कॉलर ओली.

"संपता संपता खाल्ली मशीनने," ते म्हणाले. "तुकडे झाले. पण आलं ना आत?"

पडद्यावर लांबच लांब नागमोडी रेघ उमटली होती. "आलं, बाबा."

"बरी गायलीये."

"बरी? एवढंच?"

"मग काय, उभा राहून टाळ्या वाजवू?" गुंता टेबलावर ठेवून ते चहा टाकायला आत गेले.

मावशीचंच खरं होतं तर. तिने हेडफोन लावला, रेकॉर्डिंग पहिल्यापासून चालू केलं आणि डोळे मिटले.

दार ओढल्याचा आवाज आला. मग जिन्यावरून उतरत गेलेल्या चपला. तिच्याच.

तिने डोळे उघडले. यादीत साउंड कार्डचं नाव निवडलेलं नव्हतं. वायर सुटली तेव्हा लॅपटॉपने स्वतःचा माइक धरला होता आणि तो पुन्हा सोडलाच नव्हता. गाणं बाबांच्या कानात वाजून संपलं होतं. इथे आली होती ती नुसती खोली. तिने रेकॉर्डिंग पुढे सरकवलं, आणखी पुढे सरकवलं. फरशी कापल्याची घरघर, खुर्चीची करकर. आईचा एक सूरही नाही.

ती हेडफोन काढणार, तेवढ्यात कोणीतरी नाक ओढलं. मग तिने आजवर कधीच न ऐकलेल्या, फुटलेल्या आवाजात बाबा म्हणाले, "सावकाश गा गं. पोरगी बाहेर गेलीये. तेवढ्यात मला जरा रडू दे."