वाटीतली दुसरी चिठ्ठी

वेबसाइटी बनवणारी पोरंपोरी रविवारी आमच्या हॉलमध्ये वादविवाद करायला जमली. भांडायला घरी माणसं मिळत नसावीत! आयोजक आमची सूनबाई. विषय, काम घरून करावं की ऑफिसात जाऊन. पटो न पटो, चिठ्ठीत येईल ती बाजू मांडायची म्हणे.

एका संघात माणूस कमी पडला. सूनबाईनं दोन चिठ्ठ्यांची वाटी माझ्यापुढे धरली. "आई, तुम्ही बोलता? की घाबरता?"

घाबरतं माझं खेटर! चौथी शिकलेय, पण भल्याभल्यांना गप्प केलंय. चिठ्ठीत निघालं, ऑफिस.

सूनबाईला वर्षभर घरून काम करायला लावलं ते मीच. पण या पोरांपुढे हरायचं? म्हणाले, "घरी बसलेल्या बाईचं काम कुणाला काम वाटत नाही. मीटिंगमधून उठवून सासू कुकर लावायला सांगते. जाऊ दे तिला बाहेर!" टाळ्यांनी हॉल दणाणला. आम्ही जिंकलो.

सोमवारी ती डबा घेऊन दारात उभी. "आई, ऑफिसला निघू?" शब्द माझाच, कुठल्या तोंडाने अडवू?

ती गेल्यावर वाटीतली दुसरी चिठ्ठी उलगडली. तिच्यावरही ऑफिसच! आणि मी समजत होते, या घरात भांडायची अक्कल मला एकटीलाच आहे.