त्याच्या गाण्याची फर्माईश

आपण लिहिलेलं कंट्री गाणं रेडिओवर लागलं, की दर वेळी आपल्याला थोडे सेंट मिळतात, असं परीक्षितने एकदा आईला सांगितलं होतं. तेव्हापासून कुंदाताई रोज दुपारी कॅनडातल्या त्यांच्या रेजिना शहराच्या रेडिओ स्टेशनला फोन करून त्याच गाण्याची फर्माईश करायच्या. कधी लिंडा व्हायच्या, कधी डोरोथी. सदाशिव पेठी इंग्रजी काही लपायचं नाही. पण गाणं लागायचं. ते संपलं की परीक्षितचा फोन यायचा, "आई, आजची डोरोथी तूच ना?"

आजही त्यांनी स्टेशनला फोन केला.

"अगं, आता कुणाला मिळणार ते सेंट?" मधुकरराव म्हणाले. "त्याची व्हॅन बर्फात उलटली, त्याला दोन हिवाळे झाले."

"पैशासाठी नाही हो करत मी."

गाणं लागलं. कुंदाताई डोळे मिटून ऐकू लागल्या. मधुकररावांनी रोजच्यासारखा फोनचा रिसीव्हर हळूच उचलून बाजूला ठेवला.

गाणं संपलं. कुंदाताईंनी डोळे उघडून फोनकडे पाहिलं.

"अहो, आजही रिसीव्हर नीट ठेवला नाहीत ना? त्याला एंगेज लागला असेल."

"चुकलंच माझं," मधुकरराव म्हणाले.