भुईखालचं रडणं

“घरात कुणी हाय का?” भूकंपात पडलेल्या जुन्या घराच्या उंबऱ्यातून पुनमनं भर दुपारी आरोळी ठोकली. पप्पा उद्या ते जेसीबीनं सपाट करणार, म्हणून मैत्रिणींनी आजच तिच्याशी आत जाऊन दाखवायची पैज लावलेली. “भ्यालीस का गं?” त्यांच्यातली मनतशा खिदळली. तेवढ्यात भुईतून लेकरू रडल्यासारखा आवाज आला. मैत्रिणी चपला टाकून पळाल्या. पुनम मात्र आत शिरून भुईत खणलेल्या धान्याच्या पेवात डोकावलीच. डोळे न उघडलेली चार पिल्लं वळवळत होती. पुनम वळली, तर उंबऱ्यात लांडगीण, तोंडात ससा! ना गुरगुरली, ना हलली. नुसती बघत राहिली. पुनम पडक्या भिंतीवरून बाहेर सरकली, तशी ती मुकाट्यानं पिल्लांकडं गेली. घरी पोचताच पुनम धापा टाकत म्हणाली, “मम्मी, पप्पा, जुन्या घरात बाळंतीण हाय. सव्वा महिना जेसीबी येऊ देणार न्हाई मी!”