कळवतो

"आबा, सगळ्यांनी 'कळवतो' म्हणलंय!" माझी धाकटी मनाली कॉलेजच्या फाटकातनं पळतच माझ्या रिक्षाकडं आली. आत नोकरीचा मेळावा होता. कंपन्यांचे साहेब टेबलं मांडून बसलेले.

सरांनी पोरांना बजावलं होतं, नुसता कागद देऊ नका, ओळख वाढवा. पोरीला ओळख वाढवायची ठाऊक ती आमच्याच पद्धतीनं. तिनं एका साहेबाला गाव विचारलं, एका मॅडमला माहेर कुठलं म्हणून विचारलं. "मॅडम इतक्या हसल्या, आबा! म्हणल्या, गोड आहेस गं, कळवतो आम्ही."

मी रिक्षा चालू केली. हाच शब्द आमच्या उंबऱ्यावर चपला घालता घालता किती पाहुणे टाकून गेलेत. थोरल्या वैजूला बघायला यायचे, पोहे खायचे, हसून बोलायचे, "कळवतो" म्हणायचे. कुणीच कळवलं नाही. धाकटी नजरेत भरू नये म्हणून मनालीला त्या वेळी आम्ही शेजारी पाठवायचो. तिनं तो शब्द कधी ऐकलाच नव्हता.

घरात पाऊल टाकल्या टाकल्या ती ओरडली, "ताई, सगळेच्या सगळे कळवतो म्हणलेत!"

वैजूचं लाटणं पोळपाटावर थांबलं. मग ती उठली, साखरेचा डबा काढला आणि बहिणीच्या हातावर चिमूटभर साखर ठेवली.

"मग आता फोन जवळच ठेव हं," म्हणाली.

माझ्याकडं मात्र तिनं बघितलं नाही.