संध्याकाळी सहाचा फोन

रोज सहा वाजता रुग्णालयाचा फोन यायचा, तेव्हा कुमुदिनीबाई पदराला हात पुसून बसत. विषाणूच्या वॉर्डात नातेवाइकांना बंदी होती आणि त्यांचे यजमान दत्ताराम यांच्या घशात नळी होती. त्यांच्या मनातलं ओळखून एक यंत्र फोनवर त्यांच्याच आवाजात बोलायचं.

आज मात्र डॉक्टर स्वतः बोलले. "काकू, माफ करा. काका मंगळवारी सकाळीच गेले. तुम्हाला कळवायचं आणि यंत्र बंद करायचं, दोन्ही राहून गेलं. तीन दिवस ते स्वतःच्या मनानंच बोलत होतं."

"ठाऊक आहे मला."

"कसं?"

"सोमवारपर्यंत फक्त 'गॅस बंद केलास का' एवढंच विचारायचे. मंगळवारी मला 'कुमुद' म्हणून हाक मारली. बेचाळीस वर्षांत 'अगं'च्या पुढे गेले नव्हते. वर विचारलं, जेवलीस का. तेव्हाच ओळखलं, हे गेले."

डॉक्टर गडबडले. "मग लगेच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ते बंद केलं असतंत," बाई म्हणाल्या. "आता आजच्या दिवस फोन त्या यंत्राकडे द्या. मी जेवले, एवढं सांगायचंय."