बोअरचं पाणी

म्हसवडच्या खानावळीतली शेगडी भर दुपारी पुन्हा विझली आणि शेवंताआत्याने इरावतीला फोन लावला.

"अगं, तुझ्या त्या छपराला झालंय तरी काय? पत्रे पुसून पुसून हात दुखायला लागले. आज गिऱ्हाइकं उपाशी परत गेली."

इरावती पुण्याच्या प्रयोगशाळेत संगणकावर टायटॅनियम डायऑक्साइडचे पृष्ठभाग रचून तपासायची. त्याचा लेप दिलेल्या छपरावरच्या पत्र्यांवर ऊन पडलं, की आतल्या पाण्यातून हायड्रोजन सुटायचा. आता गावोगावी त्यावरच स्वयंपाक व्हायचा. तिच्या गणितात हे पत्रे वर्षानुवर्षं टिकत होते.

"आत्या, पत्र्यांत पाणी कुठलं घालतेस?"

"बोअरचं. इथं दुसरं आहे कुठलं?"

इरावती फोन ठेवून संगणकाकडे वळली. तिच्या संगणकातलं पाणी कायम शुद्ध होतं. तिने त्यात बोअरचे क्षार मिसळले आणि गणित पुन्हा चालवलं. पृष्ठभागावर जिथे ऑक्सिजनचा एखादा अणू कमी असतो, तिथे पाण्याचे रेणू फुटतात. नेमक्या त्याच जागा क्षारांनी अडवल्या होत्या. मग तिने थोडं आम्ल घालून पाहिलं, तेव्हा त्या एकेक करून मोकळ्या झाल्या. तिने लगेच आत्याला फोन लावला.

"आत्या, पत्रे आतून व्हिनेगरने धू आणि यापुढे क्षार काढणाऱ्या फिल्टरचंच पाणी घाल."

दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला. हायड्रोजनची ज्योत उजेडात दिसत नाही, म्हणून शेगडी आजही पेटलीच नाही असं समजून ती दूध तसंच वर ठेवून भाजी निवडायला बसली होती.

"इरे, सगळं दूध उतू गेलं गं!" ती ओरडली आणि हसतच सुटली.