झाकलेलं लेकरू

"हात मागे घ्या, आजी."

नूनकिशूचा हात तिथेच थांबला. तळव्यावर ताजं शेण होतं, अजून कोमट. समोर कातड्याच्या अंथरुणावर तिची सून नालेपो दमून पडली होती, आणि सुनेच्या पोटावर नुकतीच जन्मलेली मुलगी. नाळ कापायची राहिली होती.

मनगट धरलं होतं रेसियातोने. दवाखान्यात काम करणारी पोर. मसाईच, टेकडीपलीकडच्या वस्तीतली.

"नाळेला शेण लावायचं नाही."

"तुझ्या नाळेला काय लोणी लावलं होतं?" नूनकिशू म्हणाली. "विचार जा आईला. शेण लावलं म्हणून एवढी वाढलीस, आणि आता मला शिकवायला आलीस!"

दाराशी बसलेल्या बायका हसल्या.

"मी वाचले, आजी. सगळी वाचत नाहीत. शेणात जंतू असतात, डोळ्यांना न दिसणारे."

"न दिसणारे, पण तुला बरे दिसले!"

रेसियातोही हसली, पण मनगट सोडलं नाही. जंतू सगळीकडेच असतात, ती सांगू लागली. नाकात, कातडीवर, आतड्यात; तोंडात तर त्यांची गावंच्या गावं. आपापल्या जागी ते मुकाट राहतात. शेणातले हे गाईच्या पोटात असतात, गाईला काही करत नाहीत. मातीत पडले तर बियांसारखे वर्षानुवर्षं निजून राहतात. ओल्या नाळेत, वारा पोचत नाही अशा जागी शिरले, की जागे होतात.

"नालेपोने पोटुशी असताना दवाखान्यात सुया टोचून घेतल्या असत्या, तर मी एवढी घाबरले नसते. तुम्ही तिला पाठवलंच नाहीत."

"जागे होऊन करतात काय?"

"आधी बाळ दूध ओढेनासं होतं. भूक असते, रडतं, पण तोंड उघडत नाही. मग जबडा बसतो. मग कुणी हात लावला, नुसतं दार वाजलं, तरी अंग ताठ होऊन धनुष्यासारखं मागे वाकतं. थोड्या दिवसांत जातं."

नूनकिशूने हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. गेलेल्यांबद्दल बोलायचं नसतं, आणि तिच्या पोटच्या त्या पहिल्या चौघांना तर नावंही ठेवलेली नव्हती. चौघेही असेच गेले होते. तोंड मिटून, मागे वाकून.

चौथ्यानंतर मात्र ती एकदा बोलली होती. सगळ्या वस्तीसमोर, सवतीकडे बोट करून. "हिची नजर आहे." सवतीला, सिमालोईला, माहेरी धाडलं. पुढच्या वर्षी पाचवा झाला आणि जगला. तोच नालेपोचा नवरा. मग कुणाच्या मनात शंका उरली नाही. सिमालोई परत आली ती वासरांच्या कुंपणापाशी एकटी राहायला. ती दिसली की बायका आपलं लेकरू कापडाने झाकत. पुढे तिच्या पापण्या आत वळल्या, बुबुळं पांढरी झाली, दिसायचं बंद झालं. तरी बायका झाकतच राहिल्या.

नूनकिशूला आता दुसरंच काही आठवत होतं. पाचवा झाला ते वर्ष दुष्काळाचं. गुरं दूर डोंगराकडे नेलेली. छप्पर लिंपायलासुद्धा शेण नव्हतं. त्याची नाळ नुसती दोऱ्याने बांधली होती.

"हे तुझे जंतू," तिने विचारलं, "अलीकडे आलेत का गं?"

"छे, आजी! गाई आहेत तेव्हापासूनचे."

नूनकिशूने तळव्याकडे पाहिलं. मग बाहेर जाऊन हात मातीत घासला, पाण्याने धुतला, परत आली आणि म्हणाली, "काप."

रेसियातोने उकळलेलं ब्लेड काढलं.

बाळ पुसून झालं तशा बायका आत सरकल्या. बाळाच्या कपाळावर हलकेच थुंकून आशीर्वाद द्यायचा. रेसियातोने कपाळाला आठी घातली. पण एका दिवसात दोन भांडणं नकोत म्हणून बाजूला सरकली. पहिला मान आजीचा. नूनकिशू पुढे झाली नाही.

"आत्ता नाही," ती म्हणाली. "कुणीच नाही."

त्यानंतर ती अंथरुणाशेजारून हलली नाही. बाळाच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्याने दूध ओढलं की दुसरीकडे बघायची, थांबलं की पुन्हा तोंडाकडे. रडू आलं नाही. हात अंगाखाली आला की बधिर होतो, तसं आत कुठेतरी झालं होतं. नालेपोने दूध पुढे केलं, ते ती प्यायली. गोड होतं की आंबलेलं, कळलं नाही.

नाळ सुकून गळून पडली. बाळ अजूनही आईला नीट लुचत होतं. नूनकिशूने ते उचललं, कापडात गुंडाळलं आणि उन्हात बाहेर पडली. गुरांच्या अंगणातून सरळ वासरांच्या कुंपणाकडे निघाली, तशी मागून एक बाई ओरडली, "अगं, तिकडे कुठे? तोंड तरी झाक त्याचं!"

सिमालोई दाराबाहेर भिंतीला टेकून बसली होती.

"कोण आहे?"

"मी."

त्या आरोपानंतर हा आवाज तिच्याशी कधी बोलला नव्हता. तरी तिने तो ओळखला. मग बाळ कुरकुरलं. सिमालोईने घाईने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"लेकरू आहे ना गं हातात? झाक त्याला, नूनकिशू. मी इथेच बसलेय."

नूनकिशू तिच्यासमोर खाली बसली. कापड काढून बाजूला टाकलं. सवतीचा चेहरा हाताने आपल्याकडे वळवला आणि बाळाचं उघडं कपाळ तिच्या ओठांजवळ नेलं.

"पहिली तू थुंक," ती म्हणाली.